गर्दीला गुन्हेगार ठरवण्याआधी

सर्व्हर बसला की आपल्याकडे पहिले वाक्य ठरलेले असते: 'लोड खूप आला.' म्हणजे दोष कोणाचा? येणाऱ्यांचा! हे वाक्य मीही अनेकदा बोललो आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी या वाक्याने आमच्या हातून काय करवले असते, ते सांगतो.

आमचा गट विद्यार्थ्यांसाठी एक छोटी वेबसाइट चालवतो. कोणत्या अभ्यासक्रमाला कोणती कागदपत्रे लागतात, उत्पन्नाचा दाखला किंवा जात पडताळणी प्रमाणपत्र अडकले तर काय करायचे, प्रतिज्ञापत्राचा नमुना आणि तालुक्यात मदतीला कोण आहे त्याचा नंबर, एवढेच तिथे आहे. सर्व्हर वर्गणीतून घेतलेला, 2 कोअर आणि 2 जीबी रॅमचा. एरवी तो पुरून उरतो. त्या दिवशी संध्याकाळी 7 नंतर मात्र पान उघडेना. जालना जिल्ह्यातल्या एका मुलीचा फोन आला, "दादा, बारापर्यंतच अर्ज घेणारेत. इथं नुसतं गोल गोल फिरतंय."

सर्व्हरवर लॉगिन व्हायलाच मला पाच-सहा मिनिटे लागली. मग सगळे करतात तेच मी केले, रीस्टार्ट. दहा मिनिटे बरे चालले, पुन्हा तेच. पुन्हा रीस्टार्ट. मुळात रीस्टार्ट ही दुरुस्तीच नाही. कोणती प्रोसेस काय खात होती, मेमरी कुठे गेली, हा चालू क्षणाचा सगळा पुरावा तिने पुसला जातो. माझा तासभर यातच गेला.

तोवर गटातल्या एका दादाने लॉग चाळला. एकाच आयपी पत्त्यावरून हजारो विनंत्या आलेल्या. "हा हल्ला आहे, ब्लॉक कर," तो म्हणाला. शंका अगदीच चुकीची नव्हती, आपल्या साइटवर त्रास देणारे येतातच. मी ब्लॉकची ओळ टाइपही केली होती. एंटर दाबण्याआधी सहज पाहिले, की हा 'हल्लेखोर' मागतो आहे तरी काय? एक विनंती भोकरदनच्या यादीची, दुसरी जिंतूरची, तिसरी नर्सिंगच्या कागदपत्रांची. फोनची मॉडेलही वेगवेगळी. एकच माणूस इतक्या फोनांवरून इतक्या तालुक्यांची पाने कशाला उघडेल?

तो पत्ता एका मोबाइल नेटवर्कच्या दाराचा होता. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात सुमारे 430 कोटीच आहेत, ते सगळ्यांना पुरत नाहीत. म्हणून मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. तो पत्ता बंद केला असता तर कोण बाहेर फेकले गेले असते? ज्यांच्याकडे मोबाइलच्या डेटाशिवाय दुसरे इंटरनेट नाही, ती मुले. घरी वायफाय असलेल्यांना काही कळलेही नसते, आणि लोड उतरला म्हणून आम्ही एकमेकांची पाठ थोपटली असती.

मग नीट तपासायला बसलो. लोड अ‍ॅव्हरेज 40 च्या वर, कोअर फक्त 2. तरी प्रोसेसर जवळपास रिकामाच! लिनक्स या आकड्यात डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही मोजते, हे मी विसरलो होतो. व्हीएमस्टॅट चालवले तर स्वॅपचे दोन्ही रकाने धावत होते. रॅम संपली होती आणि सर्व्हर डिस्कलाच रॅम समजून राबत होता. डिस्क त्या वेगाने कधीच चालत नाही.

रॅम संपली का? अपाचेच्या सेटिंगमध्ये एकाच वेळी 150 प्रोसेसची परवानगी होती. इन्स्टॉल करताना जो आकडा आला, तोच आम्ही ठेवला होता. आमची एक प्रोसेस ढोबळमानाने 60 एमबी घेत होती. 150 गुणिले 60 म्हणजे 9 जीबी, आणि आमच्याकडे होते 2! 'मोठा सर्व्हर घ्या' म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार करावा. 4 जीबीचाही असाच बसला असता. अभ्यासिकेत 20 खुर्च्या असताना 150 जणांना आत घेतले तर कोणाचाच अभ्यास होत नाही. डेटाबेस आणि सिस्टिमचे सोडून आमच्याकडे 1200 एमबी उरत होते, म्हणून आकडा 20 केला. कोणाला हाकलायचे नव्हते. उरलेले दारात रांगेत थांबतात, आणि आतले काम झटपट उरकले तर रांग सेकंदात पुढे सरकते. रिकामे कनेक्शन धरून ठेवण्याची वेळही 5 सेकंदांवरून 2 वर आणली.

पण आतले काम झटपट होत नव्हते. स्लो क्वेरी लॉगमध्ये एकच क्वेरी पुन्हा पुन्हा दिसली, तालुका निवडल्यावर यादी काढणारी. त्या रकान्यावर इंडेक्सच नव्हता. दर वेळी डेटाबेस 40 हजार ओळी पहिल्यापासून वाचत होता. इंडेक्स बनवायला पाच सेकंदही लागले नाहीत. ती क्वेरी दोन वर्षांपूर्वी मीच लिहिली होती.

9:30 च्या सुमारास पाने उघडू लागली. गर्दी तेवढीच होती, उलट वाढली होती. जालन्याच्या मुलीने प्रतिज्ञापत्राचा नमुना उतरवून घेतला, 11 च्या आत तिचा अर्ज गेला.

त्यानंतर मी फोन बघितला. परभणीकडच्या एका मुलाचे चार मिस्ड कॉल होते, 7:20 ते 8:05 मधले. त्या वेळी मी रीस्टार्ट करत बसलो होतो. लगेच फोन लावला. तो सायबर कॅफेतून केव्हाच गावी परतला होता; कॅफे 9 ला बंद होतो.