आधी रक्त, मग टेकडी

पुणे, 11 जानेवारी

प्रिय शुभे,

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीपर्यंत चढताना मध्येच थांबावं लागतं, केस गळतायत, दुपारच्या लेक्चरला डोळे मिटतात आणि म्हणून नव्या वर्षात तू जिम लावलीस. तिथं ट्रेडमिलवर डोळ्यांपुढं अंधारी आली, तरी ‘सवय नाही म्हणून असेल’ असं लिहून तू पुढं ड्रेस्डेनच्या बर्फाचं वर्णन सुरू केलंस. शुभे, जिम थांबव गं. कायमची नको, रक्ताचा रिपोर्ट हातात येईपर्यंत थांबव.

एवढं ठासून सांगतेय, कारण गेला पावसाळाभर माझंही हेच चाललं होतं. डिपार्टमेंटचा जिना चढला की छाती धडधडायची, कान वाजायचे. रसवंतीपुढून जाताना रस नको, नुसता बर्फ चावून खावा असं वाटायचं. रूममेट म्हणाली जागरणं कमी कर. घरून सांगितलं की मेसचं खाणं मानवत नसेल, तूप पाठवतो. वर्गातल्या एकानं तर पहाटे पळायला यायचा सल्ला दिला, स्टॅमिना वाढेल म्हणून. सगळ्यांना माझी काळजी होती, पण रक्त तपास असं कुणीच म्हणालं नाही.

शेवटी सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर मॅडमनी खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि मग पाळीबद्दल विचारलं. किती दिवस जाते, पॅड किती तासांनी बदलावं लागतं, गाठी पडतात का. आठवीपासून पाळी येतेय, पण हे प्रश्न मला त्याआधी कुणी विचारलेच नव्हते. रिपोर्ट आला तो असा: हिमोग्लोबिन 8.4, फेरिटिन 6. बायकांचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की त्याला ॲनिमिया म्हणतात. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आणि तो 15 च्या खाली गेला की संपल्यातच जमा. मॅडम म्हणाल्या, तुझं हृदय बसल्या जागी जास्तीचं काम करतंय, कारण रक्तातून प्राणवायू वाहून न्यायला पुरेसं हिमोग्लोबिनच नाही. अशात पळायला गेलीस तर त्याच्यावर आणखी ओझं पडेल.

घरी येऊन आकडे शोधले आणि सुन्न झाले. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के ॲनिमियाच्या निघाल्या, महाराष्ट्रात 54 टक्के. अंबाजोगाईला आपल्या वर्गात बाकावर दोघी दोघी बसायचो, त्यातल्या एकीला तर असणारच. शाळेत सोमवारी सोमवारी लोहाची ती निळी गोळी द्यायचे, आठवतं? अर्ध्या पोरी ती खिडकीतून टाकून द्यायच्या, कारण मळमळतं. ती कशासाठी आहे हे नीट समजावून कुणी सांगितलं नाही, याचं मला आता फार वाईट वाटतं. निम्म्याहून जास्त बायका दमलेल्या असल्या की दमणं हाच बाईचा स्वभाव वाटायला लागतो. आपल्या आयांकडंच बघ ना.

तर आता तू काय करायचं. तिकडं जर्मनीत तुझ्याकडं विम्याचं कार्ड आहे, फॅमिली डॉक्टर आहे. सीबीसी (म्हणजे रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी-12 आणि थायरॉइड एवढं तपासायला सांग. तुमचं घर माळकरी, तू अंडंही खात नाहीस, त्यामुळं बी-12 कमी असायची शक्यता मोठी आहे. रिपोर्टात एमसीव्ही म्हणून एक आकडा असतो, तो लाल पेशींचा आकार. साधारण 80 ते 100 असावा. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, माझा 68 होता. बी-12 कमी असलं की उलट मोठ्या होतात. आणि पेशी लहान पण फेरिटिन चांगलं असं निघालं, तर थॅलेसेमिया मायनरची तपासणी करतात, तिथं लोहाच्या गोळ्यांचा काही उपयोग नाही. म्हणून मनानंच दुकानातून गोळ्या आणून सुरू करू नकोस. हो, आणि ड्रेस्डेनला हिवाळ्यातल्या उन्हानं अंगात डी जीवनसत्त्व तयार होत नाही म्हणतात. तेही डॉक्टरांना विचारून घे.

खाण्याचं मात्र मला भरभरून सांगायचंय. सगळा फरक तिथंच पडला.

आमच्या मेसचं ताट तुझ्या डोळ्यांपुढं असेलच. चार पातळ पोळ्या, लाल तर्री तरंगणारा बटाट्याचा रस्सा, तळ दिसेल असं वरण, भात. पोट भरतं, पण लोह आणि प्रथिनं त्यात नावालाच. आम्ही काही जणी मिळून मेसच्या मावशींकडं गेलो. म्हटलं, मावशी, आठवड्यातून तीन दिवस बटाट्याऐवजी मोडाची उसळ कराल का? मला वाटलं होतं पैसे वाढवून मागतील. त्या म्हणाल्या, ‘अगं, मटकी तर भाजीपेक्षा स्वस्तात पडते. पोरं नाकं मुरडतात म्हणून करत नाही.’ आता सोमवार, बुधवार, शनिवार मटकी, चवळी नाहीतर मसूर असतो. आदल्या रात्री मोठ्या पातेल्यात भिजत घालून, सकाळी उपसून, ओल्या फडक्यात घट्ट बांधून मावशी ते गाठोडं ओट्याखाली ठेवतात. दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं की मोडांचा तो कच्चा, हिरवट वास सगळ्या स्वयंपाकघरात. नुसती चव म्हणून नाही गं, धान्या-कडधान्यांत फायटेट असतं, ते लोहाला धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. भिजवून मोड आणले की ते कमी होतं. आपल्या आज्या हे उगाच करत नव्हत्या.

दुसरी गोष्ट लिंबाची. शाकाहारी जेवणातलं लोह मुळात कमी शोषलं जातं, पण सोबत सी जीवनसत्त्व असलं की बरंच जास्त लागू पडतं. मावशी उसळीबरोबर लिंबाची फोड देतात, ती मी पिळल्याशिवाय घास घेत नाही. सध्या इथं पेरू आणि आवळे आलेत. पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट सी असतं आणि मिळतो त्याहून स्वस्त. तुझ्याकडं पेरू महाग असेल, तर लाल ढोबळी मिरची कच्चीच चिरून खा, तिच्यातही भरपूर असतं. तुमच्या मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, मसुराचं घट्ट सूप मिळतं असं तू मागं लिहिलं होतंस. ते, त्यावर लिंबू आणि सोबत ही मिरची. आमच्या मेसपेक्षा चांगलं जेवण झालं की!

आणि चहा. जेवल्या जेवल्या चहा पिऊ नकोस. चहातली टॅनिन लोह अडवतात. जेवण आणि चहात तासाभराचं तरी अंतर ठेव. कॉफीचंही तेच. मला हे सगळ्यात जड गेलं, कारण जेवण झालं की आमची टोळी अमृततुल्यकडं वळते. आता मी त्यांच्यासोबत उभी राहते, गप्पा मारते आणि माझा चहा पाच वाजता घेते.

तुझ्या घरून काकू गूळ-शेंगदाणे खायला सांगतील. शेंगदाणे जरूर खा, फुटाणेही खा, प्रथिनं चांगली मिळतात. पण गुळावर भिस्त ठेवू नकोस. खड्याएवढ्या गुळात लोह किती असणार? पालकाचंही कौतुक जास्तच झालंय, त्यातलं लोह सहज शोषलं जात नाही. त्यापेक्षा तीळ, अळीव, हुलगे बरे. लोखंडी कढईत भाजी केली तर तिच्यातही लोह उतरतं.

एवढं खाऊनही 8.4 चं 12 नुसत्या जेवणानं होत नाही, गोळी लागतेच. मला मॅडमनी एक दिवसाआड घ्यायला सांगितली. गोळी घेतली की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि दिवसभर पुढच्या लोहाची वाट अडवतं, म्हणून रोज घेण्यापेक्षा आड दिवशी घेतलेली चांगली शोषली जाते. पोटालाही कमी त्रास. दुधाबरोबर मात्र घ्यायची नाही. हिमोग्लोबिन बरोबर आलं तरी साठा भरायला आणखी तीनेक महिने गोळी चालू ठेवायची असते. बहुतेक जणी नेमक्या तिथं सोडतात आणि वर्षभरात पुन्हा खाली येतात.

आता व्यायाम. मॅडमनी सरसकट बंदी घातली नव्हती, फक्त पळण्यावर आणि चढण्यावर घातली होती. पहिले काही आठवडे मी फक्त सपाट रस्त्यावर चालले, संध्याकाळी, गप्पा मारता येतील एवढ्याच वेगानं. बोलता बोलता धाप लागली की वेग कमी करायचा. छातीत दुखलं, गरगरलं तर बसायचं आणि तडक डॉक्टरांना दाखवायचं. दिवाळीनंतरच्या तपासणीत हिमोग्लोबिन 10 च्या वर गेलं, मग फर्ग्युसनच्या मागची टेकडी सुरू केली. पहिल्यांदा अर्ध्यापर्यंत. वर सगळे आजोबा-आजी भराभर पुढं निघून जातात आणि जाता जाता ‘सावकाश, बाळा’ म्हणतात. त्यांच्या त्या दोन शब्दांनी मला फार बळ दिलं.

मोठ्या माणसांनी आठवड्याला निदान 150 मिनिटं भरभर चालण्याएवढा व्यायाम करावा आणि दोन दिवस ताकदीचाही करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते डोळ्यांपुढं असू दे, पण पहिल्या महिन्यात गाठायचा हट्ट नको. आता मी खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याच्या बैठका करते, लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातात धरून दंडाचे व्यायाम करते आणि सूर्यनमस्कार घालते. रथसप्तमीला होस्टेलवर सूर्यनमस्कारांचा कार्यक्रम आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांच्या संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले होते, तेव्हाची गोष्ट एक बाई इथं सांगणार आहेत. मी हळू लयीत घालणार. डिसेंबरात माझं हिमोग्लोबिन 12.1 आलंय, तरी फेरिटिन अजून भरायचंय.

तू जिमचे पैसे भरलेत, ते वाया जातील म्हणून जाऊ नकोस. महिना पुढं ढकलून मिळतो का विचार. या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घे आणि पाळीबद्दल त्यांनी विचारलं नाही तरी तूच सगळं सांग. रिपोर्ट आला की फोटो पाठव, मी मॅडमना दाखवीन. अळीव आणि कारळाची चटणी पार्सल करतेय. काकूंना मी अजून काही बोलले नाही. तूच बोल, आणि त्यांनाही एकदा रक्त तपासायला सांग.

तुझी,
मनू

ता. क. लोहाची गोळी सुरू झाली की शौचाला काळी होते, त्याला घाबरून गोळी बंद करू नकोस. पण गोळी सुरू नसताना तसं झालं, तर लगेच डॉक्टरांकडं जा.