दिव्यावरचा हात

डोंबिवलीच्या आमच्या चाळीतल्या खोलीत घड्याळाखाली एक चित्र होतं. जांभळट साडीतली तरुणी, एका हातात दिवा आणि दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. आजी आल्यागेल्याला सांगायची, "रविवर्म्याचं आहे हो." फ्रेमवाल्यानेही पाठीमागे बॉलपेनने तेच लिहून दिलं होतं.

आठवीत मी त्याची नक्कल करायला बसले. कॅम्लिनचा काळा भरपूर ओतून अंधार केला आणि वर पांढऱ्याने ज्योत काढली. पिठाचा ठिपका पडावा तशी ती दिसली. क्लासचे सर म्हणाले, "जलरंगात उजेड आधी राखून ठेवायचा असतो गं. आता वर पांढरा फासून काय होणार?" मी कागद बोळा करून टाकला. मूळ चित्र तैलरंगातलं असणार, त्यांना काय जातंय, अशी मनाची समजूतही घातली.

पुढे कितीतरी वर्षांनी सहलीत म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात तेच चित्र समोर आलं. 'ग्लो ऑफ होप'. चित्रकार सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर. माध्यम जलरंग!

आधी बोटंच पाहिली. ज्योतीसमोर हात धरला की कडांतून रक्ताचा लाल उजेड झिरपतो, तसा तिथे होता. आणि तो वरून लावलेला नव्हता. पातळ लालसर वॉशखालचा कागदच उजळत होता. चेहऱ्याची उजेडाकडची बाजू उबदार, पलीकडची मात्र कुठे संपते आणि अंधार कुठे सुरू होतो ते सापडेना. तिथे रेघ नाहीच. ओल्यात ओलं मिसळलेलं, आणि तेही वेळेवर. कागद वाळला असता तर डाग पडला असता. माझा अंधार काळाकुट्ट होता, हा वॉशवर वॉश चढवून केलेला, तरी कुठे मळलेला नाही. ती हसत नाही, लाजतही नाही. वाऱ्याची झुळूक येईल म्हणून श्वास धरून उभी आहे, एवढंच. मीही धरला होता बहुतेक, कारण गाइडने दुसऱ्यांदा हाक मारली. बस म्हैसूरपाकासाठी थांबणार होती.

रविवर्मा 1906 मध्येच गेले. हे चित्र त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी झालं, आणि दिवा घेऊन उभी आहे ती हळदणकरांची मुलगी गीता.

घरी आल्यावर फ्रेम उतरवून मागचं नाव खोडलं आणि हळदणकरांचं लिहिलं. तुमच्याही भिंतीवर ही बाई असेल, तर एकदा पाठ तपासा.