वत्सगुल्माचे दानपत्र

वाशीमचे नाव काढले की मुंबई-पुण्याचा माणूस विचारतो, "हे नेमके आले कुठे?" अकोल्याहून पूर्णेच्या गाडीत बसावे, म्हणजे ते वाटेत येते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून निघालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. पण गावाचे वय पाहाल तर ते पार वाकाटकांपर्यंत पोचते. त्यांच्या एका शाखेची ही राजधानी, वत्सगुल्म.

दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ साली येथेच सापडला. अथर्ववेदी ब्राह्मणांना एक गाव दान दिल्याची नोंद त्यात संस्कृत आणि प्राकृतात आहे. मराठी शिकवणाऱ्याला त्या प्राकृताचे अप्रूप वाटायचेच. पण मला गंमत वाटली ती अशी, की राजाची कृपा तेव्हाही लेखी नावावरच उतरत असे. नांगर धरणाऱ्याचे नाव पत्र्यावर कोण कोरणार?

राजे गेले, पत्रे गेले, आता बँकेचे खाते आले. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी याच जिल्ह्यातून 'पीएम-किसान'चा अठरावा हप्ता सोडला. देशभरातल्या नऊ कोटींवर शेतकऱ्यांना सुमारे वीस हजार कोटी रुपये. त्याच दिवशी पोहरादेवीला, बंजारा समाजाच्या काशीत, त्यांच्या वारशाचे संग्रहालयही उघडले. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूख पालथा घालणारी ही जमात. तिचे तांडे आता सोयाबीनच्या रानांत स्थिरावले आहेत.

एका शेतकरी कुटुंबाला केंद्राचे वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. २०२३ पासून राज्यानेही तेवढेच जोडले. रक्कम लहान म्हणून आम्हा पगारदारांनी नाक मुरडू नये. मात्र २०१९ ते २०२४ या काळात आमचा महागाई भत्ता अनेकदा वाढला. केंद्राचे सहा हजार सहा हजारच राहिले. आणि २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये असताना बाजारात भाव त्याच्या खालीच रेंगाळत होता. क्विंटलमागे चार-पाचशे रुपये कमी पडले, तर चार-पाच क्विंटलांतच एक हप्ता गळतो.

मालेगावच्या वाटेवर सोंगणी चालली होती. धुऱ्यावर पाणी पिण्यास बसलेल्या एका गृहस्थांना मी विचारले, "हप्ता जमा झाला का, भाऊ?"

ते हसले. "शेत मालकाचं, सर. पैसेबी मालकालेच. आपन बटईनं करतो."

मालक शहरात नोकरीला होते असे नव्हे. सरकारी नोकराला आणि आयकर भरणाऱ्याला ही योजना वगळतेच. मालक म्हातारे होते, गावातच होते, आणि हप्ता त्यांनाही हवाच होता. नियम एवढाच, की वारसाहक्क सोडला तर १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन ज्याच्या नावे, पैसा त्याचा.

"मग करार लिहून का घेत नाही?"

"लिहून देते कोन? कूळ लागन म्हनून भेतात."

कुळाला जमीन मिळावी म्हणून कायदा झाला. त्याच कायद्याच्या धास्तीने आज बटईचा व्यवहार तोंडीच राहतो, आणि तोंडी व्यवहाराला ना हप्ता पोचतो ना पीककर्ज. सरकारचा हात आखडता आहे असे म्हणवत नाही. पण तो सातबाऱ्याच्या ओळीपाशी थांबतो, आणि हा माणूस त्या ओळीच्या बाहेर उभा असतो.

त्यांनी तांब्या पालथा घातला, विळा उचलला. उरलेली दोन तासं पावसाआधी आटोपायची होती. त्यातले अर्धे सोयाबीन त्यांचे होते.