मिरगाची मरळ

मृग नक्षत्र लागते त्या दिवशी, म्हणजे जूनच्या सात-आठ तारखेला, तेलंगणात मासे खाण्याचा प्रघात आहे. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मांसाहारी मराठी घरांनीही तो केव्हाच आपलासा केला. तेलुगू शेजारी या दिवसाला ‘मिरुगम’ म्हणतात, आम्ही ‘मिरग’. नक्षत्र एक आणि शब्दाचे मूळही एकच.

गुडीहत्नूरला उटनूरचा रस्ता जिथे महामार्गापासून फुटतो, तेथे मासेवाल्यासमोर या दिवशी दहा मिनिटे उभे राहावे. टबातील थोड्याशा पाण्यात मरळ वळवळत असते. हवेतून श्वास घेऊ शकणारा हा मासा तेवढ्यावर तग धरतो. तेलुगू गिऱ्हाईक तिला ‘कोरमीनू’ म्हणते. या नावातला ‘मीनू’ म्हणजेच गोंडीतला ‘मीन’. यंदा एक वृद्धा विचारत होती, “भाऊ, मरळ जित्ती हाय का?” तेलुगूभाषक विक्रेता उत्तरला, “जित्ती हाय आजी, हात लावून पाहा.” तिच्या शाळकरी नातवाने मात्र भाव विचारला तो तेलुगूत, ‘कोरमीनू’ म्हणून. विक्रेत्याने त्यालाही मराठीतच उत्तर दिले!

काही तरुण ‘मच्छी’ मागतात. त्यात पाप नाही. मुंबईही तेच म्हणते. पण ‘मासा’ या शब्दात मराठीचा स्वतःचा स्वभाव आहे. संस्कृत ‘मत्स्य’चे प्राकृतात ‘मच्छ’ झाले. हिंदीने छ राखून ‘मछली’ केली, मराठीने छचा स करून ‘मासा’. ‘वत्स’पासून तिकडे बछडा, इकडे वासरू. तिकडची छुरी इकडे सुरी, तिकडचे छह इकडे सहा.

१९५६ साली राज्यपुनर्रचनेत राजुरा व किनवट हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. आम्ही अलीकडेच राहिलो. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०क आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे तो सांगतो. वकील म्हणून मी या कलमाचा आधार पुष्कळदा घेतो. परंतु त्या नातवाला ‘मरळ’ हा शब्द न्यायालय देऊ शकत नाही. तो आजीच देऊ शकते. आणि तिने दिलेला शब्द लिहायला-वाचायला शिकवणारी शाळा मागण्यासाठी कलम लागते. घराने बोलणे सोडले, तर शाळा कोणासाठी मागावी?

शेजारभाषेचे वावडे मात्र मला नाही. आमच्याकडे मरळीला राख चोळून बुळबुळीत थर काढतात, मग तुकडे चिंचेच्या आंबट रसात शिजतात. त्याला आम्ही ‘पुलुसु’च म्हणतो. ‘कालवण’ म्हटले की भाजलेले खोबरे आले, ‘रस्सा’ म्हटले की दाटपणा आला. या पातळ, आंबट पदार्थाला दोन्ही शब्द लागू पडत नाहीत. ज्वारीची भाकरी त्यात चुरायची आणि मधल्या तुकड्यासाठी भांडायचे. ते भांडण आमच्याकडे अजून तरी मराठीतच होते.