वहीतला मधला रकाना



दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही पाच जण विहाराच्या अभ्यासिकेत एकत्र बसतो. तीन मुलगे, दोन मुली. कुणी पदवीच्या शेवटच्या वर्षाला, कुणी स्पर्धा परीक्षेच्या तयारीत. मध्ये एक दोनशे पानी वही असते. या महिन्यात काय शिकलो, कुठे अडलो, पुढच्या महिन्यात काय करायचे, हे प्रत्येकाने आपल्या नावापुढे लिहायचे, बाकीच्यांनी वाचायचे, आणि शेवटी सही करायची. गेले अकरा महिने हे चालू आहे.

आज लिहायला बसलो आहोत ते आमचे कौतुक सांगायला नाही. या वहीच्या नादात आमच्या हातून एक चूक झाली. ती आमच्यापुरती असती तर वहीतच ठेवली असती. पण गावोगावच्या अभ्यासिकांमध्ये आज हेच चालले आहे असे आम्हाला वाटते, म्हणून ती तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात झाली ती मोबाईलवरच्या भाषणांनी. कोट घातलेला एक माणूस सांगत होता की स्वतःला बदला, जग बदलेल. आम्हाला ते पटले. पहिल्या तीन महिन्यांची पाने आज काढून बघितली तर हसू येते. 'मोबाईल कमी वापरणे. पहाटे पाचला उठणे. इंग्रजी सुधारणे. वेळ वाया न घालवणे.' जूनच्या पानावरची वाक्ये जुलैच्या पानावर, जुलैची ऑगस्टच्या पानावर. फक्त शाईचा रंग बदललेला. दर महिन्याला आम्ही त्याच चुका कबूल करत होतो आणि कबूल केल्याचे समाधान घेऊन घरी जात होतो.

अभ्यासिकेची किल्ली ज्यांच्याकडे असते ते निवृत्त शिक्षक आहेत. आम्ही त्यांना नुसते सर म्हणतो. एकदा त्यांनी ती वही सहज चाळली आणि विचारले, "पोरांनो, ही वही आहे की माफीनामा?"

आम्ही गप्प. सरांनी कपाटातून बाबासाहेबांचा रुपयावरचा ग्रंथ काढला आणि म्हणाले, आत काय आहे ते नंतर वाचा, आधी नाव नीट वाचा. रुपयाचा प्रश्न, त्याचा उगम आणि त्याची सोडवणूक. हा ग्रंथ म्हणजे लंडनचा प्रबंध. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परत यावे लागले. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतले, आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. 1922 मध्ये सादर केलेला प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. तोवर पैसे संपले होते. मुंबईला परत येऊन त्यांनी तो नव्याने लिहून पाठवला आणि 1923 मध्ये तो मान्य झाला.

ही गोष्ट आम्हाला माहीत होतीच. जयंतीच्या भाषणात आम्ही ती सांगतोही. पण सर म्हणाले, "तुम्ही गोष्टीतली जिद्द तेवढी घेता, पद्धत घेत नाही. प्रश्न आणि उपाय यांच्या मध्ये उगम आहे. तुमच्या वहीत तो कुठे आहे?" मग समोरच्या बुद्धमूर्तीकडे बोट करून म्हणाले, "आणि हे त्याच्याही आधीचे आहे. दुःख आहे म्हणून थांबले नाहीत ते, कारण शोधले."

त्या दिवशी सरांनी पट्टी घेऊन वहीच्या पानावर तीन रकाने आखले. प्रश्न, मूळ, उपाय.

मधल्या रकान्याने काय होते ते आम्हाला पहिल्यांदा गणितात कळले. काळ, काम, वेग हा आमच्या सगळ्यांचा नावडता धडा. एक मोटार ताशी 40 किलोमीटर वेगाने जाते आणि त्याच रस्त्याने ताशी 60 किलोमीटर वेगाने परत येते, तर सरासरी वेग किती? पाचही जणांनी लिहिले, 50. पाचही जण चुकलो. पूर्वी आम्ही लिहिले असते, 'गणित कच्चे, जास्त सराव करणे.' आता मधला रकाना भरायचा होता, म्हणून शोधावे लागले की 50 आले कुठून. अंतर 120 किलोमीटर धरा. जायला तीन तास, यायला दोन. म्हणजे 240 किलोमीटरला पाच तास, सरासरी 48. आमच्या डोक्याने दोन्ही वाटांना सारखे वजन दिले होते. पण हळू चाललेल्या वाटेवर वेळ जास्त गेलेला असतो, म्हणून सरासरीत तिचे वजनही जास्त असते. मूळ सापडले तशी त्या जातीची सगळी गणिते सुटायला लागली. शंभर गणितांचा सराव करून जे झाले नसते ते एका गणिताच्या चुकीचे मूळ शोधून झाले.

इंग्रजीचेही तसेच. 'इंग्रजी कच्चे' हे काही मूळ नव्हे, ती नुसती तक्रार झाली. एका मैत्रिणीने नीट पाहिले तेव्हा तिला कळले की शब्द तिला येतात, पण लांब वाक्यात क्रियापद सापडत नाही आणि वाक्य हातातून सुटते. उपाय मग साधा निघाला. रोज वर्तमानपत्रातली पाच लांब वाक्ये घ्यायची आणि कर्ता-क्रियापद खाली रेघ मारून शोधायचे. दोन महिन्यांत तिच्या उताऱ्यांचे गुण वाढले.

इथवर सगळे छान. आता चुकीकडे येतो.

आमच्यातला एक जण मागे पडत होता. उशिरा यायचा, बाकावर डोके टेकून झोपायचा, सराव परीक्षेला दोनदा आलाच नाही. सप्टेंबरच्या रविवारी त्याच्या नावापुढे पहिल्या रकान्यात लिहिले, 'अभ्यास होत नाही.' मधल्या रकान्यात काय लिहायचे यावर आम्ही फार वेळ घालवला नाही. आमच्यापैकी एकाने लिहिले, 'आळस.' बाकीचे हसले. तोही हसला. त्याने खाली सही केली.

ऑक्टोबरमध्ये तो आलाच नाही. फोन लागेना. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याची आई दारातच म्हणाली, "लेकरांनो, त्यो रातच्याला हायवेच्या पंपावर असतो की. तीन महिने झाले. तुमाला सांगितलं न्हाई का?"

रात्री दहा ते सकाळी सहा पेट्रोल पंपावर काम, मग दोन तास झोप, मग कॉलेज, मग अभ्यासिका. शिष्यवृत्तीचे पैसे जमा झाले नव्हते. कॉलेजने फी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेणार नाही असे सांगितले होते. वडिलांच्या मजुरीत घर चालते, फी निघत नाही. म्हणून तो कामाला लागला होता. ज्याला आम्ही आळस म्हटले ती झोप होती. आठ तास उभे राहून आलेल्या माणसाची झोप.

आम्ही त्याला विचारले, "अरे, आम्हाला का नाही सांगितलेस?"

तो म्हणाला, "तुम्ही आळस लिहिलं, मला तेच बरं वाटलं. गरज लिहिण्यापेक्षा आळस लिहिणं सोपं असतं."

मित्रांनो, हे वाक्य ऐकल्यापासून आम्हाला चैन नाही. आम्ही एकाच वस्तीतले, आमचे आईबाप एकाच नाक्यावर कामाला उभे राहणारे. तरी आमच्यासमोर त्याला गरज सांगायची लाज वाटली आणि आळशी म्हणवून घेण्याची वाटली नाही. ही लाज त्याला कुणी शिकवली? त्या कोटवाल्या माणसाने थोडी शिकवली, आणि बाकीची आमच्या वहीने. जी वही फक्त 'तू कुठे कमी पडलास' एवढेच विचारते, तिच्यात 'माझ्यावर काय आले आहे' हे लिहायला जागाच नसते. रकाना आखला म्हणून मूळ सापडत नाही. ते विचारावे लागते. आणि आम्ही विचारले नव्हते, ठरवले होते.

आमच्या लोकांना बाहेरच्यांनी हजार वर्षे हेच सांगितले ना, की तुमची अवस्था तुमच्याच कर्माने? तोच निवाडा आम्ही आमच्या मित्रावर, विहारात बसून, निळ्या शाईने लिहिला. आणि त्याला आत्मपरीक्षण म्हटले.

कुणी म्हणेल, मग काय सगळा दोष व्यवस्थेवर टाकून मोकळे व्हायचे? नाही. तेही आम्ही करून बसलो आहोत. एका परीक्षेनंतर आमच्यापैकी दोघांनी वहीत लिहिले होते, 'पेपरच मुद्दाम अवघड काढला.' पुढे पेपर शांतपणे सोडवला तेव्हा दिसले की चुकलेल्यांपैकी निम्मे प्रश्न आम्ही वाचलेल्या धड्यांवरचे होते. उजळणी केली नव्हती, एवढेच. 'सगळे तुझ्याच हातात आहे' आणि 'आपल्या हातात काहीच नाही' ही दोन्ही उत्तरे एकसारखीच आळशी आहेत, कारण दोन्हींमध्ये शोधायचे कष्ट नाहीत. खरा आळस आमच्या मित्राच्या झोपेत नव्हता. तो आमच्या मधल्या रकान्यात होता.

मग कारण कोणते आणि सबब कोणती, हे ओळखायचे कसे? आम्ही एक कसोटी ठरवली आहे. जे लिहिल्यावर सोमवारी सकाळी करायचे एखादे काम निघते ते कारण. जे लिहिल्यावर नुसता उसासा निघतो ती सबब. 'आळस' या शब्दातून कोणते काम निघते? काहीच नाही. 'शिष्यवृत्ती जमा नाही' यातून मात्र निघाले.

सोमवारी आमच्यापैकी दोघे त्याच्याबरोबर बँकेत गेले. पहिल्या दिवशी रांगेत आणि 'उद्या या' मध्ये दिवस गेला. दुसऱ्या दिवशी कळले की त्याचे आधार दुसऱ्याच एका खात्याशी जोडलेले आहे. दोन वर्षांपूर्वी मोबाईलच्या दुकानात सिमकार्ड घेताना उघडलेले आणि तेव्हापासून बंद पडलेले ते खाते. तो महिनोन्महिने भलत्याच पासबुकात पैशांची वाट पाहत होता. खाते बदलून घेण्याचा अर्ज दिला. कॉलेजला लेखी अर्ज केला, पोच घेतली. तोंडी गेलो होतो तेव्हा 'बघू' म्हणणारे, पोच मागितल्यावर नीट बोलले. परीक्षेचा फॉर्म त्यांनी घेतला.

त्यानंतरच्या रविवारी अभ्यासिकेतल्या सगळ्यांनी आपापली खाती तपासली. आणखी तिघांची तीच गत निघाली. तिघेही आपले नशीब खोटे म्हणून बसले होते. म्हणजे एकाच्या नावापुढे आळस म्हणून लिहिलेला प्रश्न चार जणांचा होता. चुकीचे मूळ लिहिले असते आणि तिथेच थांबलो असतो, तर चौघेही एकेकटे हरले असते.

पैसे अजून जमा झालेले नाहीत. मित्र अजून पंपावर जातो, पण मालकाला सांगून त्याने संध्याकाळची पाळी मागून घेतली आहे. त्याची रात्र त्याला परत मिळाली, अभ्यासाचे तास पूर्ण मिळाले नाहीत. आम्ही चौघांनी आपापल्या टिपणांची एक प्रत त्याच्यासाठी काढायचे ठरवले आहे. उपकार म्हणून नाही. आम्ही त्या 40-60 च्या गणितातून शिकलो आहोत म्हणून. त्याची वाट हळू आहे, तो चालायला कमी पडतो म्हणून नव्हे, चढ आहे म्हणून. आणि पाच जणांची सरासरी काढताना त्या चढाचे वजन धरले नाही तर उत्तर चुकणारच.

सप्टेंबरच्या पानावरचा तो शब्द खोडावा का, यावर आमची चर्चा झाली. त्यानेच नको म्हटले. तो तसाच आहे. या महिन्याच्या पानावर मात्र पहिल्यांदा पाच वेगळी नावे नाहीत, 'आम्ही' एवढेच आहे. प्रश्न: आपला माणूस आपल्यापासून दूर गेला. मूळ: त्याला विचारण्याआधी निकाल दिला. उपाय: रविवारचा पहिला अर्धा तास वही उघडायची नाही. चहा घ्यायचा आणि घरी काय चालले आहे ते एकमेकांना विचारायचे.

तुमच्याही अभ्यासिकेत अशी वही असेल, नसेल तर जरूर घाला. पण तिच्यात कुणाच्या नावापुढे आळस, नशीब, कमजोर असे शब्द लिहिलेले असतील तर वही बाजूला ठेवा आणि आधी त्याच्या घरी जाऊन या. आम्ही तीन महिने उशिरा गेलो.

जयभीम!