रहस्यकथाकाराचा वेळ

चि. मनू हिस,


तुझं पत्र आणि त्यासोबतचा कराराचा मसुदा, दोन्ही नीट वाचलं. महिन्याला एक रहस्यकथा, प्रत्येक पुस्तक सहा फर्म्यांचं, मानधन ठोक आणि एकदाच, आणि सगळे हक्क कायमचे प्रकाशकाकडे. एवढ्या वेगानं लिहिणं जमेल का, असं तू विचारलंयस. जमेल, मराठीत ते पूर्वी जमलेलं आहे. पण हा वेग येतो कुठून, ते आधी पाहा. रहस्यकथा आणि भयकथा लिहिणाऱ्यांवर आपल्याकडे घाईचा ठपका फार जुना आहे. ती घाई त्यांच्या स्वभावातून किंवा कुवतीतून आलेली नाही, ठोक मानधनातून आलेली आहे, असं माझं ठाम मत आहे. सही करण्याआधी त्यामागची कारणं तुला माहीत असावीत, म्हणून हे जरा लांबलचक पत्र.

बाबुराव अर्नाळकर १९०६ साली जन्मले, १९९६ साली गेले, आणि त्यांच्या नावावर हजारांहून जास्त पुस्तकं आहेत. गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्या बाराशेच्या घरात जातात. हे आकडे आपण कौतुकानं सांगतो आणि तिथेच थांबतो. जरा भागाकार करून पाहा. सलग पन्नास वर्षं लेखन धरलं तरी हजार पुस्तकं म्हणजे वर्षाला वीस, म्हणजे एका पुस्तकाला अडीच आठवडे. त्यात विषय सुचणं आलं, लिहिणं आलं, मुद्रितं तपासणं आलं, आजारपण आणि घरातली लग्नकार्यंही आली. हौसेखातर कुणी पन्नास वर्षं असा जीव काढत नाही. या धंद्याची रीत बहुतेक वेळा अशी की पुस्तकामागे ठरलेली रक्कम हातात पडली की लेखकाचा त्या पुस्तकाशी संबंध संपला. पुढे त्याच्या पाच आवृत्त्या निघोत की ते दहा वर्षं ग्रंथालयातून फिरत राहो, लेखकाला पुढचे पैसे पुढच्या पुस्तकाचेच. जुनं पुस्तक काहीच मिळवून देत नसेल, तर माणूस नवं लिहीतच राहणार.

याचा सर्वांत मोठा फटका रहस्यकथेलाच बसतो. समज, तुझ्या तिसऱ्या प्रकरणात पुतण्या सांगतो की आपण सहाला उठलो, चहा करून घेतला, पेपर वाचला. त्याच प्रकरणात कामाला येणारी बाई आठ वाजता जिन्यातल्या बंद दिव्याबद्दल कुरकुरत येते आणि कडीला अडकवलेली दुधाची पिशवी आत घेऊन जाते. वाचकाला पिशवी दिसली पाहिजे आणि त्याचं लक्ष मात्र दिव्याच्या तक्रारीवर राहिलं पाहिजे. बाराव्या प्रकरणात त्याला आठवलं पाहिजे की घरात दूधच नव्हतं, मग पुतण्यानं चहा कशाचा केला. आता बारावं लिहिताना तुला उमगलं की खरा गुन्हेगार पुतण्या नाही, त्याची बायको आहे, तर तिसऱ्यात जाऊन ती पिशवी आणि ते वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालायला हवं, आणि त्याबरोबर मधली निदान चार पानं बदलायला हवीत. अडीच आठवड्यांत पुस्तक द्यायचं असेल तर तिसरं प्रकरण तोवर जुळणीला गेलेलं असतं. मग लेखकाच्या हातात काय उरतं? ऐनवेळी सापडलेली चिठ्ठी, योगायोगानं झालेली भेट, किंवा गुन्हेगाराचा शेवटच्या चार पानांतला सविस्तर कबुलीजबाब. जुन्या रहस्यकथांमध्ये कबुलीजबाब इतके का, याचं उत्तर मला लेखकाच्या बुद्धीत शोधावंसं वाटत नाही. त्याला मागे वळायला वेळ नव्हता, हे पुरेसं उत्तर आहे. सामाजिक कादंबरीत एखादं प्रकरण सैल पडलं तरी बाकीची कादंबरी उभी राहू शकते. इथे एक धागा निसटला की सगळा उलगडा खोटा पडतो.

यावर लोक म्हणतात, दर्जा असता तर हे लेखन टिकलं असतं. टिकलेलं आहे. नारायण धारपांच्या भयकथा ते गेल्यानंतरही छापल्या आणि वाचल्या जातात. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ १९८२ची. शिरवळकर २००३ साली गेले आणि २०१३ साली तिच्यावरच्या चित्रपटाला तुझ्या पिढीनं गर्दी केली. ती रहस्यकथा नाही, हे मला ठाऊक आहे. पण ती लिहिणारा हात दारा बुलंद आणि अमर विश्वास या नायकांच्या रहस्यकथा लिहिणाराच होता. त्याहून महत्त्वाचं वाटतं ते असं, की या प्रकारांत ज्यांना समीक्षकांनीही मान दिला त्यांची मिळकत कथांवर अवलंबून नव्हती. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ पाठवली ती आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, नारायण विनायक जगताप या नावानं; कथा कथेच्या गुणावर निवडली जावी म्हणून. बक्षीस मिळालं. तेव्हा ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. रत्नाकर मतकरींनी गूढकथा लिहायला घेतल्या तेव्हा त्यांना बँकेत नोकरी होती. या दोघांचं मोठेपण यानं तसूभरही कमी होत नाही. त्यांना कथा मनासारखी होईपर्यंत हातात ठेवता आली. महिन्याच्या महिन्याला पुस्तक देणाऱ्याला ते करता आलं नाही. कथानकांच्या उसनवारीचा आक्षेपही इथेच येतो. गोविंद नारायणशास्त्री दातारांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांचा आधार घेतला, पुढच्यांनी इंग्रजी गुन्हेकथांचा घेतला, हे खरंच आहे. वर्षाला वीस कथानकं स्वतःच्या डोक्यातून काढणारा लेखक मात्र मला कुठल्याच भाषेत माहीत नाही.

प्रकाशकाची बाजू तू पत्रात मांडली आहेस आणि ती खोटी नाही. आवृत्ती हजाराची, कधी त्याहूनही कमी. कागद महाग, विक्रेत्याची सूट मोठी, उधारी वसूल होईल तेव्हा होईल. पण याच कारणासाठी मी टक्केवारीच्या बाजूचा आहे. ठोक रकमेत प्रकाशकाला पैसे आधी काढावे लागतात. विकल्या गेलेल्या प्रतींवर स्वामित्वधन ठेवलं तर प्रत विकली गेल्यावरच द्यायचं. पुस्तक पडून राहिलं तर त्याचं नुकसान कमी, आणि चाललं तर त्या चालण्यात तुझाही वाटा. ज्याला पुस्तक चालणारच नाही असं वाटतं, त्यानं सगळे हक्क कायमचे का मागावेत?

कायदा या बाबतीत तुझ्या बाजूला आहे, फक्त तो वाचावा लागतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावं लागतं, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. हक्क घेऊन ते एक वर्ष वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास, हस्तांतरण रद्द समजलं जातं. २०१२च्या दुरुस्तीनं असंही घातलं की करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्यावरचा हक्क करारात तसा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय जात नाही. म्हणूनच तुझ्या मसुद्यात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘आजच्या व भविष्यातील सर्व माध्यमांसाठी’ असे शब्द आहेत. हे शब्द तिथे आहेत ते कायद्यानं तुला दिलेलं काढून घेण्यासाठी. आज लोक रहस्यकथा कानानं ऐकतात, प्रवासात, स्वयंपाक करता करता. श्राव्य पुस्तक, चित्रपट, मालिका, भाषांतर, प्रत्येक हक्क वेगळा आहे आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याची किंमत राहते.

ग्रंथालयांबद्दल मला जास्त तळमळीनं लिहावंसं वाटतं. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याखाली हजारो सार्वजनिक ग्रंथालयं उभी राहिली, आणि रहस्यकथेचा वाचक मुख्यतः तिथेच वाढला. एक प्रत पानं सुटी होईपर्यंत शेकडो हातांतून जाते. लेखकाला मिळते ती त्या एका प्रतीची किंमत, तीही करारात टक्केवारी असेल तर. डेन्मार्कनं १९४६ साली वाचनालयातून दिल्या जाणाऱ्या पुस्तकांसाठी लेखकांना मोबदला द्यायला सुरुवात केली. ब्रिटननं १९७९ साली तसा कायदा केला. आपली ग्रंथालयं आधीच अनुदानाकडे डोळे लावून बसलेली, त्यांच्यावर हा बोजा कसा टाकायचा, असं कुणीही विचारील. ब्रिटनमध्ये हे पैसे ग्रंथालयाच्या किंवा वाचकाच्या खिशातून जात नाहीत, सरकार देतं. आणि एका लेखकाला वर्षाला ६,६०० पौंडांपेक्षा जास्त मिळत नाही, त्यामुळे मोजके खपाऊ लेखक सगळं घेऊन जात नाहीत. आपल्याकडे साहित्य संमेलनांत दरवर्षी ठरावांचा ढीग पडतो. त्यात हा एक ठराव नेटानं लावून धरला जायला हवा.

पैशाचा विचार केला की लेखन बिघडतं, असं तुला कुणीतरी सुनावलंय. माझं मत उलट आहे. पैशाचा विचार आधी एकदाच नीट करून टाकला, म्हणजे लिहिताना तो करावा लागत नाही.

तेव्हा सध्याची नोकरी सोडू नकोस. बारा पुस्तकांऐवजी वर्षाला एक दे, फार तर दोन. मुदत पाच वर्षांची मागून घे, विक्रीवर टक्केवारी आणि वर्षातून एकदा विकल्या गेलेल्या प्रतींचा लेखी हिशेब माग, श्राव्य आणि चित्रपटाचे हक्क स्वतःकडे ठेव. एवढं सगळं ते कबूल करणार नाहीत. टक्केवारीवर थोडं मागे सरकलीस तरी चालेल. मुदतीवर आणि श्राव्य हक्कावर सरकू नकोस. सुधारलेला मसुदा आला की मला पाठव, आणि सोबत कथेची पहिली तीन प्रकरणंही.

तुझा,
मामा