जिन्यातली भाषा

पुण्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या खोलीत चार कॉट होत्या आणि खिडकी एकच. बाकीचे तिघं कॉटवर पडूनच घरच्यांशी फोनवर बोलायचे. मी मात्र आईचा फोन आला की जिन्यात जायचो. कारण आईशी बोलताना माझ्या तोंडून अहिराणीच निघते. पहिल्याच आठवड्यात माझं 'माय, काय करी ऱ्हायनी?' खोलीत ऐकू गेलं आणि पुढे पंधरा दिवस तिघंही मला तेच विचारत होते. वाईट काही नव्हतं त्यात, चेष्टाच ती. पण मी जिना धरला तो धरलाच.

हे जुलै 2016 मधलं. धुळ्याला बी.एस्सी. ॲग्री केलं होतं. साक्री तालुक्यातली आमची शेती कांदा, बाजरी आणि थोड्या कपाशीची. कांद्याला भाव असला की वडील दोन महिन्यांचे पैसे एकदम पाठवायचे, नसला की मेसवाल्या काकूंना तोंड चुकवावं लागायचं. यूपीएससी करायची एवढं ठरलं होतं. कोणते विषय वाचायचे हे अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदारानेच सांगितलं. मी नुसतं 'यूपीएससी' म्हणालो आणि त्याने न विचारता थप्पी लावली: सहावी ते बारावीची एनसीईआरटी, राज्यघटनेला लक्ष्मीकांत, आधुनिक इतिहासाला स्पेक्ट्रम, अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि एक जाडजूड ॲटलास. पिशवी उचलवेना, म्हणून रिक्षा केली. त्या महिन्यात तेवढी एकच चैन.

या परीक्षेत कोणता विषय नाही, हे सांगणं सोपं. पूर्वपरीक्षेत दोन पेपर. पहिला सामान्य अध्ययनाचा, म्हणजे जीएसचा, शंभर प्रश्न. दुसरा सीसॅट, ऐंशी प्रश्न, आणि त्यात फक्त 200 पैकी 66 मिळवायचे. मुख्य परीक्षेत निबंध आणि जीएसचे चार पेपर. त्यात इतिहास, भूगोल, समाज, राज्यघटना, परराष्ट्र संबंध, अर्थकारण, शेती, विज्ञान, अंतर्गत सुरक्षा आणि चौथ्या पेपरात नीतिशास्त्र. इंग्रजी आणि एका भारतीय भाषेचे पेपर फक्त पास होण्यापुरते. आणि या सगळ्यात स्वतःच्या मर्जीने घ्यायचा विषय एकच, तो ऑप्शनल. दोन पेपर, 500 मार्क. 2013 च्या आधी असे दोन विषय घ्यावे लागत. अभ्यासिकेतले जुने लोक त्या काळाबद्दल असं बोलायचे, जसं आजोबा दुष्काळाबद्दल बोलतात.

हा एक विषय मी कसा निवडला ते सांगतो. ॲग्रीचा पदवीधर म्हणून ॲग्रिकल्चर घेता आलं असतं. पण ती चार वर्षं मी गाइडांवर काढली होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग अभ्यासिकेत विचारलं. एक म्हणाला, लोकप्रशासन घे, जीएसच्या दुसऱ्या पेपरला कामी येतं. दुसरा म्हणाला, नोट्स तयार मिळतात. खाली झेरॉक्सच्या दुकानात लोकप्रशासनाचा गठ्ठा स्पायरल करून ठेवलेलाच होता. मला तो विषय आवडेल का, हे तेवढं कुणी विचारलं नाही. माझ्याही डोक्यात आलं नाही.

दोन वर्षं मी टेलर, फेयॉल, वेबर, सायमन यांच्यात काढली. मला आठवतं ते एवढंच की रिग्ज नावाच्या अभ्यासकाने विकसनशील देशातल्या कार्यालयाला 'साला' म्हटलंय. तो स्पॅनिश शब्द, पण आमच्या खोलीत 'साला मॉडेल'वर इतके विनोद झाले की तेवढा भाग कधीही झोपेतून उठवला तरी लिहिता आला असता. बाकी सगळं भाषांतर. माध्यम मराठी घेतलं होतं, आणि जीएस काय, लोकप्रशासन काय, प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच येते. प्रश्न इंग्रजीत वाचायचा, नोट्स इंग्रजी, उत्तर मराठीत. सायमनची 'बाउंडेड रॅशनॅलिटी' मी कधी 'मर्यादित विवेक' लिहिली, कधी 'सीमित तर्कसंगती'. तपासणाऱ्याला ते दोन वेगळे सिद्धांत वाटले असतील.

2017 ची प्री गेली. 2018 ची निघाली, आणि सप्टेंबरअखेर मुंबईला मेन्स दिली. लोकप्रशासनात 500 पैकी 189. जीएसच्या तिसऱ्या पेपरात किमान आधारभूत किमतीवर मी छान आखीव उत्तर लिहिलं होतं, प्रस्तावना, आकृती, पुढची दिशा. कांदा त्या यादीतच नाही, हे मात्र लिहायचं राहिलं. आणि आमच्या घरचं सगळं त्या कांद्यावर.

मार्कलिस्ट हातात आल्यावर खोलीतला यवतमाळचा मित्र त्याच्या कॉटखालची ट्रंक उघडून बसला. त्याचा ऑप्शनल मराठी साहित्य. मला तो विषय कधी विषयच वाटला नव्हता. कविता-कादंबऱ्या वाचून कुणी कलेक्टर होतं का! त्याने अभ्यासक्रमाचं पान माझ्यासमोर धरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पहिल्या पेपरात भाषा आणि लोकसाहित्य, त्यात मराठीच्या बोली: अहिराणी, वऱ्हाडी, डांगी.

"तुही माय कोन्ती भाषा बोलते बे?" तो म्हणाला. "अन् तू जिन्यात काहून जाते?"

मी ते पान दोनदा वाचलं. दिल्लीत शहाजहान रोडवर बसलेल्या लोकसेवा आयोगाने माझ्या आईची भाषा मार्कांना लावली होती आणि मी तीन वर्षं ती जिन्यात लपवत होतो.

याच विषयाची एक जुनी गोष्टही त्याच्याकडून कळली. 2013 मध्ये परीक्षेची नवी अधिसूचना आली तेव्हा, ज्याची पदवी त्या भाषेच्या साहित्यातली असेल त्यालाच तो साहित्य-विषय घेता येईल, अशी अट घातली होती. मराठी माध्यमातून उत्तरं लिहिण्यावरही बंधनं होती. महाराष्ट्रात आरडाओरडा झाला, संसदेत गोंधळ झाला आणि मार्चमध्येच अटी मागे घेतल्या गेल्या. त्या राहिल्या असत्या तर माझ्यासारख्या ॲग्रीवाल्याला हे पान नुसतं बघायलाच मिळालं असतं.

विषय बदलला. लोकप्रशासनाचे गठ्ठे ज्या दुकानातून घेतले तिथेच अर्ध्याहून कमी किमतीत दिले. दुकानदाराने पानं मोजली आणि 'अंडरलाइन फार आहेत' म्हणून आणखी वीस रुपये कापले.

आता हे वाचून कुणाला वाटेल की मग गाडी रुळावर आली. नाही. 2019 च्या प्रीला सीसॅटमध्ये साडेबासष्ट मिळाले. सहासष्ट हवे होते. त्याआधी नामदेवांचे अभंग, विंदांचं 'मृद्गंध', ढसाळ, ग्रेस वाचले आणि शेवटी नळ आणि टाकीच्या गणिताने घात केला. त्या दिवशी आईला फोन केला तो जिन्यातून नव्हे, पण मुद्दाम काही ठरवलं होतं असंही नाही. जिन्यात जायचं त्राणच नव्हतं.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागायच्या दोन दिवस आधी मिळेल त्या गाडीने गावी आलो. सोबत मराठीच्या दुसऱ्या पेपरची पुस्तकं आणि एखादी अवांतर कादंबरी तेवढी आणली, बाकीची पुण्यातच राहिली. घरात अभ्यासाला वेगळी खोली नाही. ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचो. एरवी तशी सवय नव्हती, पण आई भाकरी थापता थापता म्हणाली, मनातल्या मनात काय वाचतो, आम्हाला पण ऐकव. आई चौथी शिकलेली. चष्म्याची एक काडी तुटली होती, तिथे दोरा बांधलेला.

फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' 1883 मधला. वडील तो ऐकून उठून गेले आणि थोड्या वेळाने परत येऊन बसले. काही बोलले नाहीत. बालकवींच्या कविता आईला फारशा भावल्या नाहीत, पण कवी आपल्याच खान्देशातला, धरणगावचा, आणि 1918 मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेला, हे ऐकल्यावर तिने वय विचारलं. अठ्ठावीसही पुरं नव्हतं. त्यानंतर दोन दिवस ती मला लवकर झोपायला सांगत होती. माझंही सत्ताविसावं चालू होतं.

एप्रिलच्या शेवटी आखाजी आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. त्या वर्षी कुणाचीच लेक आली नाही. माझी बहीण सुरतला अडकलेली. संध्याकाळी आई अंगणात एकटीच गुणगुणत होती. मी मोबाइल काढून रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि खरं सांगायचं तर पहिला विचार अभ्यासाचाच आला: लोकगीत, उपप्रकार विधिगीत, उदाहरण मिळालं. तिने मोबाइल बघितला आणि थांबली.

"हाई बी परीक्षामा ईचारतस का?"

विचारतात, म्हटलं. तिला ते खरं वाटेना. मग तिने एकामागून एक इतकी गाणी म्हटली की मोबाइलची बॅटरी संपली. कानबाईची, लग्नातल्या हळदीची, जात्यावरची. मी वहीत लिहून घेताना एक शब्द प्रमाण मराठीत केला, तर तिने तो खोडायला लावला. अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. 'शे' गुजरातीतल्या 'छे'चा शेजारी. ग्रिअर्सनने तर आपल्या भाषा-सर्वेक्षणात खान्देशी मराठीच्या खंडात घातलीच नाही, ती भिल्ली भाषांसोबत ठेवली. परीक्षेत ती मराठीची बोली म्हणून लिहायची आणि ग्रिअर्सनचा एका ओळीत उल्लेख करायचा, असं मी वहीत टिपून ठेवलं. आईला हा वाद सांगितला तेव्हा ती म्हणाली, त्याला शेजारी राहायला बोलाव, मग कळेल.

सगळ्यात रमली ती अवांतर म्हणून आणलेल्या, उद्धव शेळक्यांच्या 'धग'मध्ये. कादंबरी 1960 ची, विदर्भातली, संवाद वऱ्हाडीतले. मला काही शब्दांपाशी अडायला व्हायचं, तिला नाही. कौतिक संसार ओढते, नवरा महादेव कुठेच टिकून काम करत नाही, हे ती इतकं मनावर घ्यायची की महादेवाचं नाव आलं की परातीतलं पीठ जोरात मळलं जायचं. माझ्या वहीत कौतिकच्या नावापुढे 'स्त्रीव्यक्तिरेखा, संघर्ष, बोलीचा कलात्मक वापर' असं होतं. आई म्हणायची, "तिनं दुसऱ्या गावाला यायलाच नको होतं." हे वाक्य एका सराव-उत्तरात मी वेगळ्या शब्दांत वापरलं. परीक्षकाच्या नजरेला तो स्वतंत्र दृष्टिकोन.

जूनमध्ये परीक्षेची नवी तारीख आली, 4 ऑक्टोबर. मग वाचून दाखवणं बंद पडलं. सीसॅटची गणितं सुरू झाली, घड्याळ लावून उत्तरं लिहिणं सुरू झालं. 'धग'ची शेवटची पानं मला माहीत होती, उदाहरणापुरती पुरेशी. ती मी आईला वाचून दाखवली नाहीत.

प्री निघाली. जानेवारी 2021 मध्ये पुन्हा मुंबईला मेन्स. मराठी साहित्याचे दोन्ही पेपर शेवटच्या दिवशी. प्रश्नपत्रिका मराठीत छापलेली बघून हात जरा सैल पडला. आठातले पाच प्रश्न, पहिला आणि पाचवा सक्तीचे. जिथे जागा मिळाली तिथे आईची उदाहरणं टाकली. तीन तासांत एकदाही मनात भाषांतर करावं लागलं नाही. पुढे मार्क कळले तेव्हा ते 268 होते. निबंध आणि जीएसच्या पहिल्या पेपरने मागे खेचलं होतं.

पण ते फार नंतर. मार्चमध्ये मेन्सचा निकाल लागला तो पीडीएफमध्ये, नुसत्या रोल नंबरांची रांग. मी तीन वेळा शोधलं. वडील कांदे भरायला गेले होते. आईला सांगितलं, नाही झालं. तिने मान हलवली, चूल पेटवली, भाकरी टाकली. जेवणं होईपर्यंत कुणी त्यावर बोललं नाही. भांडी घासून झाल्यावर ती पदराला हात पुसत ओट्यावर येऊन बसली, दोरा बांधलेला चष्मा लावला, जणू तीच वाचणार होती.

"कौतिकनं पुढे काय व्हयनं?" तिने विचारलं.

मी ट्रंकेतून पुस्तक काढायला उठलो.